मुठीतली कळी

देवीचा कौल मी एकदा खोटा सांगितला. एकदाच. ते इथे लिहितो आहे, कारण गावासमोर तोंडाने सांगून झालं तरी छातीवरचा धोंडा अजून पुरता उतरलेला नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत, पुढचं आयुष्य मिठागरात गेलं. लिहिण्यात चुका असतील त्या पोटात घाला. सांगण्यात चूक ठेवणार नाही.

आमचं मूळ गाव पनवेलच्या खाडीकाठी होतं. विमानतळाच्या कामात ते गेलं आणि आम्हाला या नव्या वसाहतीत आणून बसवलं. देवीलाही आणलं. नव्या देवळात गुळगुळीत फरशी आहे, पंखे आहेत, मागे जत्रेची भांडी ठेवायला दोन खोल्या आहेत. कौल लावायचा मान पहिल्यापासून आमच्या घराण्याचा. मोगऱ्याच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या, प्रश्न बोलायचा आणि हात जोडून थांबायचं. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. गाभारा लहान, आत एकटा मानकरी आणि बाकी गाव बाहेर मंडपात. माझ्या पाठीने दार भरून जातं, आतलं कुणाला दिसत नाही. बाहेर येऊन मी जे सांगेन तेच देवीचं बोलणं. तीस वर्षं मी ते सांगत आलो. लग्न जमवायचं, घराचा पाया खणायचा, सगळं माझ्या शब्दावर. या गोष्टीचा मला गर्व होता. तो देवीचा मान होता, मी माझा समजत होतो.

माझी सून संगीता देवळाच्या मंडळात आहे. बाहेरून नवीन आलेल्या माणसांना पहिले काही महिने आधार द्यायचा, असं काम तिने आणि इतर बायकांनी सुरू केलं होतं. पनवेल स्टेशनात माणसं उतरतात, कुणाचं घर पुरात गेलेलं, कुणी पोटासाठी बायकापोरांना घेऊन आलेलं, आणि कुठे वळायचं तेच त्यांना कळत नाही. त्यांना तांदूळ द्यायचे, शेगडी द्यायची, पोरांची नावं शाळेत घालायची, दवाखान्यात सोबत जायचं. मला हे कधी पसंत पडलं नाही. आमचं सगळं गेलं तेव्हा कोण आलं होतं शेगडी घेऊन, असं माझं म्हणणं.

त्या चैत्रात नेपाळचं एक कुटुंब आलं. डोंगर खचला आणि त्यांचं अर्धं गाव त्याच्याखाली गेलं. मुलाला न्हावा शेव्याला कंटेनरच्या आवारात काम मिळालं. त्याची आई, चार वर्षांची मुलगी आणि दिवस भरत आलेली बायको, एवढी माणसं आवाराच्या मागे प्लास्टिक बांधून राहत होती. बायकोचं नाव कमला. म्हातारीला संगीता आमा म्हणायची, त्यांच्याकडे आईला तसंच म्हणतात. कमला बाळंत होऊन उठेपर्यंत देवळामागची एक खोली त्यांना द्यावी, असा विषय संगीताने बैठकीत काढला.

"गाव घेतलं, मिठागरं घेतली, आता देवीच्या पाठची खोली पन देऊन टाका!" मी ओरडलो.

"बाबा, आपन इथं आलो तवा आपन पन बाहेरचेच व्हतो," संगीता म्हणाली.

"आता सून शिकवनार मला?"

माझा मिठागरातला जुना सोबती गजा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "आरं, घसा कशाला सुकवतंस? कौल लाव नि मोकला हो. तुजं नाय ऐकनार कोनी, देवीचं ऐकतील."

सगळे हसले. ते हसणं मला लागलं. त्या रागातच मी गाभाऱ्यात शिरलो. कळ्या लावल्या, प्रश्न बोललो. फार थांबावं लागलं नाही. उजव्या खांद्यावरची कळी सुटली आणि खाली पडायच्या आधी माझ्याच तळहातावर आली. मी मूठ मिटली. डावी कळी बोटाने काढून फरशीवर टाकली. बाहेर येऊन म्हणालो, "डावी पडली. देवी नाय म्हनते."

मला वाटलं होतं संगीता भांडेल. तिने देवीकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "तिची मर्जी." तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमा देवळात आली. मंडळाने दिलेली शेगडी आणि पातेलं घासून लखलखीत करून आणलं होतं. ते पायरीवर ठेवून ती डोकं टेकून बराच वेळ तशीच राहिली. मी समोरच बसलो होतो. उठून मला म्हणाली, "देवी ने ना बोला, तो ना. हमारे पहाड़ में भी देवी है. उसकी बात नहीं काटते." चार पायऱ्या उतरली आणि मागे वळली. "हमसे कुछ भूल हुआ होगा, बाबा. आप पुजारी हो. आपको मालूम हो तो बताना."

मी मान दुसरीकडे वळवली.

उजवी कळी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. निर्माल्यात टाकायला हात होईना, घरात ठेवायची छाती होईना. ती काळी पडत गेली पण वास काही गेला नाही. जेवायला बसलो की घास तोंडात फिरायचा. ऊन असं पेटलं होतं की दुपारी पत्र्याला हात लावता येत नव्हता, आणि मला डोळ्यांपुढे ते प्लास्टिक दिसायचं. संगीताचा फोन वाजला की मी कान देऊन ऐकायचो. एकदा न राहवून मी विचारलं, "ती नेपाली बाय कशी हाय?"

"कशी असनार? उन्हात हाय," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, पूजा आटोपून सगळे गेल्यावर मी एकटाच गाभाऱ्यात गेलो. वाऱ्याने कळ्या पडू नयेत म्हणून मंडपातले पंखे बंद केले. नव्या दोन कळ्या लावल्या आणि म्हणालो, आई, पुन्हा एकदा सांग. खरं म्हणजे मला सुटका हवी होती. आता डावी पडली तर माझं खोटं खरं होणार होतं. मी थांबलो. घामाने सदरा भिजला, पाय भरून आले, मी खाली बसलो. कळ्या हलेनात. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी देवीच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला पहिल्यांदा तिची भीती वाटली.

दुपार व्हायला आली तेव्हा संगीता धावत आली. "बाबा, ती माणसं गेली! प्लास्टिक सोडून बांधून ठेवलंय. शेजारचे सांगतात, कमलाला सकालपासून कलां सुरू झाल्यात, तरी म्हातारी घेऊन गेली. पोरगा कामावर, आवारात फोन आत नेऊ देत नाहीत." ती रडकुंडीला आली होती. "गावाला परत जायला स्टेशनात गेली असतील. नायतर… काल आमा इचारत व्हती, देवीचं जुनं ठिकान कुठं हाय म्हनून. मी सांगितलं, खाडीच्या बांधाला, उंडीच्या झाडाखाली."

"तू स्टेशनात बघ," मी म्हणालो. "मी बांधावर जातो."

गाव उठल्यापासून मी त्या जागी पाऊल टाकलं नव्हतं. बघवणार नाही, म्हणून. रिक्षाने कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी सोडलं, तिथून बांधावरून चालत निघालो. एका बाजूला भराव आणि मोठी भिंत, दुसऱ्या बाजूला भरतीचं पाणी शिरणारं खाजण. चपलेतून चटके बसत होते. मनात एकच चाललं होतं: तिला काही झालं, पोटातल्या पोराला काही झालं, तर ते माझ्या मुठीतून झालं. मी चालताना मोठ्याने बोलत होतो, आई, माझं काय करायचं ते कर, त्यांचं करू नको.

झाडाच्या सावलीत तिघीही होत्या. कमला कुशीवर पडून कण्हत होती, छोटी मुलगी तिच्या पायाशी बसली होती. देवी हलवली तेव्हा खालचा दगड तिथेच राहिला होता. त्या दगडाला आमाने कुंकू लावलं होतं. मला बघून ती घाबरून उठली. तिला वाटलं मी इथूनही उठवायला आलो. हात जोडून म्हणाली, "माफी माँगने आई थी, बाबा. बच्चा होने से पहले. रास्ते में इसका दर्द बढ़ गया."

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने जागा विचारली. मी गावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, काका, असं गाव इथे दिसत नाही, जवळची खूण सांगा. काय खूण सांगणार? झाड, दगड, खाडी. गाडी पाठवते म्हणाली, पण कुठल्या तोंडाने येईल ते तिलाही नीट कळलं नाही, मलाही सांगता आलं नाही. संगीताला फोन केला, ती निघाली, पण स्टेशनापासून यायला वेळ लागणार.

मग मी आमासमोर बसलो आणि खिशातली कळी काढून दगडावर ठेवली. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "देवी ने हाँ बोला था. मैं झूठ बोला."

मला वाटलं ती शिव्या देईल, द्यायला हव्या होत्या. "तो देवी हमसे नाराज नहीं?" एवढंच तिने विचारलं.

"नहीं."

तिने कमलाच्या कानाशी वाकून त्यांच्या बोलीत काही सांगितलं आणि दोघी रडायला लागल्या. डोंगराखाली घर गेलं तेव्हापासून त्या हाच धसका घेऊन चालत होत्या, आणि मी त्यावर शिक्का मारला होता.

तेवढ्यात कच्च्या रस्त्यावर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. इंजिन तापलं होतं. हातात डबा घेऊन एक कोळीण खाली उतरली. पन्नाशीची, हिरवं लुगडं, कमरेला पदर खोचलेला. मासळी विकून उरणकडे परत चालली होती. "पानी हाय का रं कुठं?" ती म्हणाली, आणि मग तिला कमला दिसली. डबा तिने तिथेच टाकला.

"आरं म्हाताऱ्या, बगत काय बसलास! सोर तो उपरना! धर हिकडून, आडोसा कर. नि तोंड तिकडं कर!"

माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी उपरणं सोडलं, एक टोक आमाने धरलं, एक मी, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे कोळीण कमलाला सांगत होती, "हां बाय, अशीच. घाबरू नको. माजी पाच झाली, मी मेली का?" कमलाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी ती हूं हूं करत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग सगळं शांत झालं. बाळाचा आवाज येईना. मी डोळे मिटले. काही मागितलं नाही, मागायला तोंड नव्हतं. पाठीमागे चोळल्याचा, थोपटल्याचा आवाज येत होता. "रर ना गो बया, रर," ती म्हणत होती. आणि मग ते रडलं.

मुलगी होती. कोळणीने तिला माझ्याच उपरण्यात गुंडाळलं, टोपल्या बाजूला सारून सगळ्यांना टेम्पोत चढवलं आणि पनवेलच्या दवाखान्यात आणून सोडलं. आई आणि बाळ आत गेली, डॉक्टर ठीक आहे म्हणाले, तोवर टेम्पो निघून गेला होता. नाव विचारायचं राहिलं. नंतर मी पनवेलच्या मासळी बाजारात विचारलं, दोनदा उरणला जाऊन आलो. तशी बाई कुणाला ठाऊक नाही. मी काही म्हणत नाही. तिच्या हाताला बोंबलाचा वास होता आणि तिने मला म्हातारा म्हटलं, एवढं मला ठाऊक आहे. तो टेम्पो तिथेच का तापला, ते तापवणाऱ्याला ठाऊक.

संध्याकाळी देवळात गेलो. सकाळच्या दोन्ही कळ्या देवीच्या खांद्यांवर तशाच होत्या, सुकून चिकटलेल्या. तेव्हा मला कळलं. तिने एकदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही म्हणून ती दुसऱ्यांदा सांगणार नव्हती.

आरतीला गाव जमलं होतं. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, जी मी कधी घातली नव्हती. मागून एक बाई म्हणाली, "मग माज्या पोरीच्या लग्नाचा कौल? तो पन असाच का?" मी म्हणालो, तो खरा होता. पण माझा आवाज मलाच पोकळ लागला. तीस वर्षांचे कौल खरे होते, आणि ते खरे होते हे आता मी कुणाला पटवू शकत नव्हतो. ती शिक्षा देवीने नेमकी माझ्या मापाची शिवली. गजा तेवढा जवळ आला आणि म्हणाला, "बस खाली. माज्याजवल." संगीताने भांड्यांच्या खोलीची किल्ली माझ्या हातातून घेतली आणि झाडू घेऊन आत गेली. थोड्या वेळाने मीही दुसरा झाडू घेतला.

ती माणसं त्या खोलीत पावसाळा संपेपर्यंत राहिली. आता वसाहतीतच भाड्याने राहतात. कौलाचा मान मी सोडला. गाभाऱ्याचं दार सताड उघडं ठेवून, नव्या मानकऱ्याने बाजूला उभं राहायचं, असं गावाने ठरवलं. या नवरात्रात पहिल्यांदा मी कौलाला बाहेर उभा होतो. शेजारी आमा, तिच्या कडेवर ती पोर. माझी नजर आता अधू झाली आहे. आत कळी पडल्याचं गावाच्या हुंकारावरून कळलं, पण कुठली ते दिसलं नाही. आयुष्यात मी देवीचं बोलणं कुणाला विचारलं नव्हतं. मी आमाकडे वाकलो.

"कौन सी गिरी?"

"दाहिनी, बाबा," ती म्हणाली.

मी हात जोडले. उघडे, मुठीत काही न लपवता.