खांद्यावर लाल पट्टा

आमच्या नांदेड-लातूरच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपात पक्षी कमी अन् किस्से जास्त जमतात. कुणाला काय दिसलं हे विसरायला होतं, पण त्यानं कुणाचं पोट दुखलं ते ध्यानात राहतं. माझं पोट लातूरच्या बिरादारमुळं दुखतं, सांगून टाकतो.

ग्रुपचा नियम असा, की स्वतःसाठी नवा पक्षी ज्याला सगळ्यात शेवटी दिसला तो गाडीत पुढं बसणार अन् त्याचं सामान बाकीच्यांनी मांडीवर घ्यायचं. बिरादारला माहूरच्या डोंगरात करण पोपट दिसला, तेव्हापासून पुढची सीट त्याच्या बापाची झाली.

*

करण पोपट म्हणजे आपल्या नेहमीच्या पोपटाचा थोराड भाऊ. चोच मोठी, खांद्यावर लाल पट्टा. साधा पोपट कुठंबी दिसतो, त्याला धोका न्हाई. करणची पिल्लं मात्र ढोलीतून काढून विकतात, जुनी झाडंबी तुटली, म्हणून तो धोक्याच्या उंबरठ्यावर हाय. हे सगळं बिरादार देवणीच्या एका शेतकऱ्याला समजावून राहिला होता.

"म्हणजे गावरान अन् देवणी," शेतकरी म्हणाला. "दोन्ही बैलच, पण देवणी जात जपावी लागती." मग माझ्याकडं बघून विचारलं, "ह्या सरांनी कोणता पाहिला?"

"गावरान," बिरादार म्हणाला.

*

उमरीजवळ मी गाडी थांबवायला लावली. "करण! खांदा लाल हाय!"

बिरादारनं निवांत दुर्बीण लावली. "सर, मागं पळस फुललाय. पोपट आपला रोजचाच हाय."

परत येताना त्याचा ट्रायपॉड मला जास्तच जड लागला.

*

दर रविवारी माहूरहून करण न बघताच घरी परतलो की माझं रडगाणं ऐकून बायको, मंगल, विचारायची, "तुम्हाला पोपट पाहिजे का सीट?" मी पोपट म्हणायचो. खरं तर सीट.

यंदा गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. मंगल बहिणीला फोनवर सांगत होती, "त्या दांडग्या पोपटानं मिरच्यांचा पार नास केला गं. फोटो पाठवलाय बघ. मग झाडू घेऊन हाकलला."

मी तिच्या मोबाईलवरचा फोटो मोठा करून पाहिला. लाल दिसतंय ती मिरचीच असावी, असं लई वाटत होतं. मिरची चोचीत होती. पट्टा खांद्यावर होता.

बिरादार तरी नाही म्हणेल म्हणून त्याला पाठवला. लगेच उत्तर आलं, "करणच हाय. वहिनींचं अभिनंदन."

पुढची ट्रिपबी माहूरचीच. देवीचं दर्शन होईल म्हणून मंगल आली अन् नियमाप्रमाणं पुढं बसली. तिच्याकडं ट्रायपॉड नव्हता, म्हणून बिरादारच्या मांडीवर ओटीची पिशवी अन् माझ्या मांडीवर नारळ. बिरादारबी मागंच होता, तेवढंच सुख.

गाडी निघाल्यावर मंगल मागं वळली.

"त्यो पोपट तर दर रविवारी येतो की गच्चीवर. तुम्ही दोघं माहूरला जाता तव्हा."