पाच ते सातचा पहारा

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाकळ पिळणं. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची, ही आमच्याकडची रीत. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची जाड गोधडी. भिजली की एका माणसाला आवरत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि दोघांनी उलट्या बाजूंनी पीळ द्यायचा. अजून बारा वाजले नव्हते, पण माझ्या पोटात दारू गेलेली होती. पीळ घट्ट झाला, हिसका बसला, आणि माझं टोक सुटलं. वाकळ विहिरीजवळच्या चिखलात पडली. ती ओरडली नाही. "जावा तुमी. मी बघते," एवढंच म्हणाली. मी गेलो, कुठं गेलो ते सांगायला नको. तिनं ती पुन्हा एकटीनं धुतली आणि पिळता येईना म्हणून तशीच पाणी गळती भिंतीवर टाकली. पाचव्या माळेला पहाटे तिच्या छातीत कळ आली. गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी गवंडी. शाळा चौथीपत्तर. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती ओळंब्यात बांधल्या, आणि तेवढीच वर्षं प्यालो. देवाचं सगळं खातं तिच्याकडं होतं. पूजा तिची, उपास तिचे. मला त्यात लई शंका. ती गेल्यावर तर रागच आला. न्यायचं त्याला ठेवलं आणि तिला नेलं, मग हे देऊळ काय कामाचं, असं मी चारचौघांत बोललो. तिच्या दहाव्यालाही मी शुद्धीवर नव्हतो. लेक सासरहून आलती, ती माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेली. हे लिहायला जड जातं, पण झालं ते असं झालं.

आमच्या गावात मारुतीच्या देवळात मार्गशीर्षात सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून काढायची ती सरळ दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचे पहारे असतात आणि नावं देवळातल्या फळ्यावर लिहिलेली असतात. भजनी मंडळाचं सगळं भानुदास बघतो. तो माझ्याबरोबर चौथीत होता. दिवाळी झाल्यावर एके दिवशी तो सकाळीच आला, कारण सकाळी मी थोडाफार माणसात असतो हे त्याला माहीत.

"संध्याकाळी पाच ते सातचा पहारा तिचा. नाव खोडू का?"

"कावून खोडतो?"

"मग उभं कोण राहील? मारुती?"

मी चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.

"तू राहा. पण पिऊन वीणा गळ्यात घालता येत न्हाई बे. महिना हाय अजून. बघ."

पाच ते सात हीच माझी गुत्त्यावर जायची वेळ. तिनं हाच पहारा का धरला असेल, हा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा आला. फळ्यावरून तिचं नाव पुसलं जाणं मला सोसणार नव्हतं. मी हो म्हणालो.

पहिल्यांदा भानुदासानं मला दवाखान्यात नेलं. एवढ्या वर्षांची सवय एकदम तोडली तर जिवावर बेततं, म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या. तिथं चार दिवस मला भिंतीवर मुंग्याच दिसायच्या. घरी आल्यावर रोज पाचच्या ठोक्याला कुणी ना कुणी माझ्या ओट्यावर येऊन बसायचं. शेजारची सुलाबाई भाकरी-कालवण घेऊन यायची आणि मी जेवेस्तोवर हलायची नाही. "वहिनीनं सांगून ठेवलंय मला," म्हणायची. भानुदास म्हणायचा, "तुझ्या चहानं माझं पित्त वाढलं, मी मेलो तर पाप तुला." मध्ये एकदा मी घसरलो. दुसऱ्या दिवशी पाचला भानुदास ओट्यावर हजर. त्यानं काही विचारलं नाही. ते न विचारणं मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

सप्ताह बसला. सहा दिवस मी उभा राहिलो. सातव्या दिवशी माझ्यानंतरचा पहारा धोंडीबाचा होता. तो माजलगावला गेलता आणि वाटेत त्याची मोटारसायकल बंद पडली, हे मागून कळलं. मंडळी देवळामागं दुसऱ्या दिवशीच्या काल्याच्या स्वयंपाकात. सात वाजले, साडेसात वाजले. हाक मारायची लाज वाटली; म्हणतील, यानं शेवटी हात टेकलेच. खांदा भरून आला, वीणा जड व्हायला लागली. देवळाच्या दारातून समोर एसटीचा थांबा दिसतो, आणि त्याच्या मागं गुत्त्याचं पत्र्याचं शेड. मनात आलं, वीणा खांबाला टेकवावी, पाच मिनिटांत येऊ, कोण बघतंय. खरं सांगतो, मी पट्टा गळ्यातून काढलाही होता.

तेवढ्यात एक बाई पायरी चढून आत आली. डोक्यावर बोचकं, पायांना भेगा. मारुतीला हात जोडले, माझ्याकडं बघितलं, बोचकं खाली ठेवलं, आणि वीणेच्या भोपळ्याखाली दोन्ही तळहात लावले.

"जड झाली का, दादा?"

"सुटंल असं वाटतंय."

"सुटू देऊ नगा. घाला गळ्यात. मी खालून धरते."

धोंडीबा धापा टाकत येईपर्यंत ती तशीच उभी होती. मग बाहेर एसटी लागली. "कोणच्या गावच्या, बाई?" मी विचारलं. "हिकडच्याच," म्हणाली आणि बोचकं उचलून गेली. मी पुष्कळांना विचारलं, तिला कुणी ओळखत नव्हतं. भानुदास म्हणाला, "एसटीची वाट बघणारी असंल कुणी." असंल. मी वाद घालत नाही.

त्यानंतर गावात आणखी दोन सप्ताह बसले, दोन वर्षं झाली. थेंब घेतला नाही. शरण जाणं म्हणजे सगळं सोडून देणं, असं मी कीर्तनात ऐकत आलो. माझ्यापुरतं मला एवढंच कळलं, की धरलेलं सोडायचं नाही, आणि जड झालं तर खालून लागलेला हात झिडकारायचा नाही. तो हात सुलाबाईचा होता, भानुदासाचा होता, त्या बाईचा होता. माझ्या बायकोचाही होता, चाळीस वर्षं. मलाच तो कळला नाही. त्या सगळ्यांचे पाय मी इथूनच धरतो.

त्या पहाऱ्यानंतरच्या सकाळी, काल्याच्या कीर्तनाआधी, मी वाकळ काढली. बायको गेल्यापासून मी त्या वाकळेवरच लोळत होतो. तिला वास मारत होता. विहिरीवर नेऊन, थंडीत, दगडावर आपटून आपटून धुतली. मग देवळाकडं तोंड करून भानुदासाला हाक मारली. तो धोतर सावरत आला.

"काय बे, येवढ्या सकाळी?"

"टोक धर," मी म्हणालो. त्यानं धरलं, आणि आम्ही पीळ द्यायला सुरुवात केली.