माळी काकूंच्या दिवाणातले ढेकूण

अठ्ठावीस जून. माळी काकूंच्या दिवाणाचे स्क्रू मी तिसऱ्यांदा काढत होते. माझा टेक्निशियन बाबासो टॉर्च धरून शेजारी उकिडवा बसला होता. फळी उचलली आणि सांध्यात एक ढेकूण दिसला. जिवंत, टपोरा. त्याच्या शेजारी दुसरा.

"आलं परत पावणं," बाबासो म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या काकूंनी तोंडाला पदर लावला. "आता गं बाई! प्राजूला कवा आणायची मी?"

प्राजू म्हणजे प्राजक्ता, त्यांची एकुलती एक मुलगी. जयसिंगपूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यातच यायची होती. आता नववा लागत आला तरी सासरीच होती. उन्हाळ्यात ती इथे थोडे दिवस राहून गेली आणि अंगभर गांधी घेऊन परतली. सासूबाईंचा फोन आला, "ढेकणाच्या घरात मी सून पाठवायची नाही. आधी घर साफ करा, मग बोला." काकूंनी मला बोलावलं आणि दार उघडताच सांगितलं, "पर औषध फवारायचं नाही बघा, मॅडम. तान्हं बाळ येणार हाय."

औषध न फवारता ढेकूण घालवा, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मी एरवी चहा घेऊन निरोप दिला असता. पण तेव्हा आमच्या उद्यमनगरच्या ऑफिसात एक नवं मशीन ट्रायलवर आलं होतं. थंडीने ढेकूण मारायचं. त्यात कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर असतो. गॅस नळीतून बाहेर येताना त्याचा बर्फ होतो, आपल्या फ्रीजमधल्या बर्फापेक्षा कितीतरी गार. त्याचं पाणी होत नाही, तो थेट हवेत उडून जातो, म्हणून गादी ओली होत नाही. ढेकूण आणि त्याची अंडी जागेवर गोठतात. मागे काहीही उरत नाही. हा त्याचा फायदा आणि हाच तोटा. औषधाचा थर असला की उद्या आलेला ढेकूणही मरतो. बर्फ मारतो तो फक्त ज्याच्यावर पडेल त्याला.

बाटलीतल्या ढेकणांवर करून पाहिलं तर एकही वाचला नाही. मी खूश झाले. घरातला ढेकूण बाटलीत बसत नसतो, हे बावीस वर्षं या धंद्यात काढून माझ्या लक्षात यायला हवं होतं.

काकूंच्या घरी पहिल्यांदा मशीन लावलं तेव्हा प्रेशर एवढं होतं की गादीच्या शिवणीतले ढेकूण उडून कपाटाखाली गेले. बाबासोने मशीन बंद केलं. "मॅडम, ह्यो बर्फ न्हाय, वारं हाय. मारतोय कुठं? गावाला पाठवतोय."

मग प्रेशर कमी केलं, रुंद तोंडाची नळी लावली, आणि साडीच्या काठावर इस्त्री फिरवावी तसा हात सावकाश फिरवायचं ठरवलं. हा गॅस बंद खोलीत साठला तर माणसाला श्वास घेणं कठीण होतं, म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या लागतात. बाहेर पाऊस कोसळत होता. माळी काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. ते स्वतःच्याच हॉलमध्ये छत्री उघडून खिडकीपाशी उभे राहिले, टीव्ही भिजू नये म्हणून. मला हसायला वेळ नव्हता.

दोन आठवड्यांनी ढेकणांची पिल्लं दिसली. टाचणीच्या डोक्याएवढी, फिकी. म्हणजे कुठेतरी अंडी वाचली होती. स्क्रूच्या भोकात. तेव्हा दिवाण पूर्ण सुटा केला, एकेका भोकात नळी धरली, आणि दिवाणाच्या पायांखाली प्लास्टिकच्या वाट्या ठेवल्या. वाटी आतून गुळगुळीत असते. त्यात पडलेला ढेकूण वर चढू शकत नाही, त्यामुळे घरात काही शिल्लक आहे का ते कळतं. वाट्या रोज रिकाम्या निघाल्या. काकू जयसिंगपूरला फोन लावायला निघाल्या. मी म्हटलं, अजून आठवडाभर थांबा.

आणि आज हे दोघे.

पवार साहेबांचा, म्हणजे आमच्या मालकांचा, फोन आला तेव्हा मी जमिनीवर पालथी पडून दिवाणाच्या तळाला भिंग लावलं होतं.

"काय रिझल्ट?"

"दोन सापडले. जिवंत."

"मग मशीन परत पाठवतो. उद्या गाडी येतीय डीलरची."

"साहेब, थांबा. हे आधीचे नाहीत."

"ढेकणानं आधार कार्ड दाखवलं काय तुम्हाला?"

दाखवलंच होतं म्हणा. ढेकूण वाढताना कात टाकतो. अंडी वाचून पुन्हा सुरुवात झाली असती तर लहानमोठी पिल्लं दिसली असती, कातीची फोलपटं दिसली असती. इथे तसलं काही नव्हतं. वाट्याही रिकाम्या. म्हणजे ते जमिनीवरून चालत, पायावरून चढून आले नव्हते. दोन पूर्ण वाढलेले, पोट भरलेले ढेकूण थेट दिवाणावर उतरले होते. त्यांना कुणीतरी आणून ठेवलं होतं.

"एक दिवस द्या," मी साहेबांना म्हटलं आणि काकूंकडे वळले. "घरात नवीन काय आलं?"

"काई न्हाय."

"जुनं फर्निचर? कुणाची बॅग? पाहुणे?"

"ह्या अवस्थेत कोण पावणं बोलवतंय? बाईमाणसाला पण घरात घेईना झालीया मी."

"गादी, उशी, चादर? धुवायला दिलेलं काही?"

"न्हाय म्हटलं की, मॅडम. इश्वास न्हाय व्हय माझ्यावर?"

विश्वास होता. म्हणूनच वैताग येत होता.

मग शेजारीपाजारी विचारायचं ठरवलं. त्यात एक अडचण असते. आमच्या गाडीवर कंपनीचं नाव नसतं, कारण ढेकणाचं गिऱ्हाईक सगळ्यांत आधी एकच गोष्ट सांगतं: कुणाला कळू देऊ नका. झुरळाचं लोक हसून सांगतात, उंदराचं ओरडून सांगतात, ढेकणाचं कुजबुजतात. म्हणून मी पाण्याच्या टाकीची तपासणी असल्यासारखा चेहरा केला आणि समोरच्या शमीमभाभींची बेल दाबली.

"भाभी, या बिल्डिंगमध्ये कीड वगैरे काही...?"

"आमच्यात? तोबा! एक मुंगी न्हाय." मग त्यांनी जिन्यात वर-खाली बघून घेतलं आणि मला दंडाला धरून आत ओढलं. "ढेकणं झाल्यात. महिना झाला. ह्यांनी रॉकेल ओतलं, मी गाद्या गच्चीत टाकल्या, कायबी केलं तरी जाईनात. पर समोर माळीवहिनींना बोलू नका. त्यांची पोरगी यायचीय. म्हणतील, ह्यांच्यातनंच आलं."

खालच्या मजल्यावर कांबळे सिस्टर राहतात. मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या, अजूनही घर ऑपरेशन थिएटरसारखं ठेवतात. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "तुम्ही पेस्ट कंट्रोलवाल्या ना? ओळखलं मी. बेडरूम बघून घ्या. पण मॅडम, जन्मभर लोकांना स्वच्छता शिकवली मी. हे बाहेर गेलं तर तोंड कुठे दाखवू?"

एका जिन्यावरची तीन घरं. तिन्हीकडे ढेकूण, तिन्हीकडे तोंडाला कुलूप. मी एका घरात दिवाण सुटा करून करून स्क्रूच्या आट्या झिजवल्या, आणि बाकीची दोन घरं दाराआडून बघत होती. डोकं तापलं माझं.

बेडरूमकडे जाता जाता सोफ्यावर नजर गेली. तिथे एक वाकळ पडली होती. तुमच्याकडे गोधडी म्हणत असाल. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून हाताने शिवतात ती. ही छोटी होती, दोन हाताएवढी, अर्धी शिवलेली, सुई तशीच टोचलेली. मी ती उलटी केली. धाग्याच्या रांगेला धरून काळे ठिपके होते, बॉलपेनने टिंबं द्यावीत तसे. ढेकणाची विष्ठा अशीच दिसते. वरच्या थरात चिंतामणी रंगाची, बारीक बुट्ट्यांची साडी होती. तीच साडी माळी काकूंच्या अंगावर मी लग्नाच्या फोटोत पाहिली होती. फोटो दिवाणाच्या अगदी वरच टांगलेला आहे.

"सिस्टर, हे काय?"

"काही नाही. असंच. टाइमपास."

"कुणासाठी?"

त्यांनी वाकळ परत घ्यायला हात पुढे केला.

"सिस्टर, ही वाकळ कुठेकुठे जाते?"

मग त्या बोलल्या. प्राजक्ताच्या बाळासाठी होती. बाळाला पहिलं पांघरूण नव्या कापडाचं घालत नाहीत. जुनी, धुऊन मऊ झालेली साडी लागते, आणि ज्यांच्या घरची पोरं धडधाकट वाढली अशा घरातली असली तर चांगलं. म्हणून तिन्ही घरांनी साडी दिली होती आणि तिघी आळीपाळीने शिवत होत्या. दोन-तीन दिवस वर, दोन-तीन दिवस समोर, मग खाली. आणि बाळ जन्मायच्या आधी त्याच्या वस्तूंचं नाव काढायचं नाही, म्हणून कुणीच बोललं नव्हतं.

"परवा कुणाकडे होती?"

"वरतीच. माळीवहिनींकडं. दिवाणावर बसूनच शिवतात त्या."

मी वाकळ प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंड बांधलं आणि जिन्यात उभी राहून तिघींनाही बाहेर बोलावलं. कुणाचं गुपित राखायचं ते राखून झालं होतं.

"काकू, मी तुम्हाला विचारलं होतं. घरात काय आलं?"

"ती वाकळ हाय, मॅडम. ती काय सामान हाय व्हय?"

"गादी, उशी, चादर विचारलं मी!"

"वाकळ कुठं इचारली?"

बाबासो भिंतीकडे तोंड करून हसायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं, तो सिलेंडर तपासायला गेला.

एवढ्यात शमीमभाभींना उलगडा झाला. "म्हणजे वहिनी, तुमच्यात पण?"

"तुमच्यात पण? आनि मी रोज दार लावून गाद्या झाडतीया!"

"मी उन्हात टाकल्या तर तुम्ही इचारलं, पाहुणे येणार का. मी व्हय म्हटलं. आता रोज इचारताय, आले का पाहुणे."

"आलेच की," सिस्टर म्हणाल्या, आणि तिघींनाही हसू फुटलं. मला नाही. कोणाकडून कोणाकडे गेले यावर वाद सुरू होणार हे दिसत होतं, म्हणून आधीच सांगितलं, "ते मला विचारू नका. उद्या तिन्ही घरं एकदम करायची. सगळ्यांचे पलंग सुटे पाहिजेत. जमत नसेल तर प्राजक्ता सासरीच बाळंत होईल."

तिघींनी एकदम मान हलवली.

वाकळीचा प्रश्न राहिला. आमचा बर्फ वरच्यावर काम करतो. साडीच्या सात-आठ थरांत तो पोचत नाही. उकळत्या पाण्यात घातली तर जुनी साडी विरते. टाकून द्या म्हणायची सोय नव्हती; तसं म्हटलं असतं तर मलाच जिन्यावरून टाकलं असतं. तिला डीप फ्रीझर हवा होता, आठवडाभर. दूध-आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये हे ठेवायचं नसतं.

"आमचा हाय की," भाभी म्हणाल्या. त्यांच्या मिस्टरांनी बंद केलेल्या कोल्ड्रिंकच्या दुकानातला फ्रीझर गॅलरीत उभा होता. आत कांदे. कांदे काढले, प्लग लावला, अंगाला झोंबणारी थंडी आल्यावर पिशवी आत ठेवली. लाखाचं मशीन जिन्यात, आणि बाळाची वाकळ कांद्याच्या वासात. माझा जीव नुसता वैतागला होता.

पवार साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे मशीन चालतंय?"

"मशीन चालतंय. माणसं बोलत नव्हती."

दुसऱ्या दिवशी तिन्ही घरं केली, अंडी फुटायचा काळ धरून पुन्हा एकदा केली. वाट्या रिकाम्या राहिल्या. मशीन ठेवून घेतलं. प्राजक्ता आली, तिच्याबरोबर सासूबाईही आल्या. त्यांनी स्वतः गादी उलटी करून बघितली, दिवाणाखाली मोबाइलची टॉर्च मारली आणि "बरंय" म्हणाल्या. मी असते तर सर्टिफिकेट मागितलं असतं.

त्या गेल्यावर संध्याकाळी काकूंचा फोन. आवाज कुजबुजता.

"मॅडम, विहीणबाईंनी दोन जुन्या साड्या दिल्यात. वाकळीत घाला म्हणल्या, आमच्या पण घरचं लागू दे. न्हाय कसं म्हणायचं? मी हात लावलेला न्हाय. दाराबाहेर, बादलीत झाकून ठेवल्यात."

काकू शिकल्या होत्या. एवढ्या उपद्व्यापात निदान एक माणूस शिकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी आणि भिंग घेऊन गेले. बादलीवरचं झाकण काढलं, पहिल्या साडीची घडी उलगडली. काठाच्या दुमडीत काळे ठिपके होते. धुतले तरी न गेलेले, जुने. ज्या घरातून या साड्या आल्या, उन्हाळ्यात प्राजक्ता त्याच घरातून बॅग भरून आली होती.

काकूंनी ठिपके बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "मी न्हाय सांगणार. तुम्हीच सांगा."

साड्या बांधून भाभींकडे नेल्या. फ्रीझरमध्ये परत कांदे भरले होते, ते काढले. मग जिन्यातच उभं राहून जयसिंगपूरला फोन लावला.

"नमस्कार, प्राजक्ताच्या सासूबाई ना? मी पेस्ट कंट्रोलमधून बोलतेय. आमच्या गाडीवर नाव नसतं. कधी येऊ?"