तोंडातल्या टाचण्या

"तू हं म्हणालीस! मी इथं, याच दारात उभा होतो. तू हं म्हणालीस म्हणून तर मी शाळेला शब्द दिला," मुलगा ओरडत होता.

"शब्द द्यायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे तरी बघायचं," मशीनपाशी घड्या घालणारी सून म्हणाली. "टाचण्या होत्या."

"आईच्या तोंडात टाचण्या नसतात कधी?"

आत्ताही आईच्या तोंडात त्या होत्याच. पुतळ्यावर चढवलेल्या झग्यासमोर ती गुडघ्यांवर बसली होती आणि ओठांतली एकेक टाचणी काढून घेर टाचत होती. गल्लीत तिला टाचणीबाई म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाईचं दुकान. दोन्ही हात कापडात, टाचण्या ओठांत, त्यामुळे कुणी काही विचारलं की ती नुसतं हं करी. त्या हंचा अर्थ 'ऐकलं' एवढाच असे. घरातल्यांनी मात्र त्याला कायम होकारच धरलं. काही विचारायचं असलं की नवरा ती टाचायला बसायची वाट बघे. घराची मागची भिंत पोपटी झाली ती अशीच. नणंद चार दिवसांसाठी येऊन अख्खा उन्हाळा राहिली, तीही अशीच.

आता शाळेचे गणवेश. महिनाभर रोज सकाळी आठला मुलं मापं द्यायला येणार, असं मुलगा ठरवून आला होता. आणि सकाळी आठला टाचणीबाई पोहायला जायची.

लहानपणी ती नदीकाठी राहायची. भाऊ धडाधड उड्या मारत आणि जाताना तिला सांगत, "तू बस, कपडे सांभाळ." ती दगडावर त्यांचे सदरे मांडीवर घेऊन बसे. बसल्या बसल्या करायचं काय, म्हणून घरून सुईदोरा न्यायला लागली आणि त्यांची तुटकी बटणं लावायला लागली. शिवणाशी गाठ पडली ती तिथंच. पाण्याशी मात्र राहूनच गेली. लग्न झालं, दुकान झालं, मुलगा झाला, सून आली. बसथांब्यासमोरच्या तलावावर नवशिक्या बायकांचा पोहण्याचा वर्ग सुरू झाल्याची पाटी तिला दिसली, तेव्हा ती साठीला टेकली होती.

पोहायचा पोशाख तिनं स्वतःच शिवला. हाताची सवय, त्याला खिसाही लावला. पहिल्याच दिवशी खिशात पाणी भरलं आणि बाई एका अंगानं बुडायला लागल्या. शिकवणारी पोरगी हसून हसून काठावर बसली. "मावशी, खिशात काय ठेवणार होतात? सुटे पैसे?" घरी येऊन तिनं खिसा उसवला. आणि आज सकाळी तिनं पहिल्यांदा कठड्यावरचा हात सोडला. पाठीवर तरंगली. कान पाण्याखाली गेले. कुणी काही विचारत असेलच तर ऐकू येत नव्हतं.

"अगं, पुढच्या वर्षी जा की," नवरा खुर्चीतून म्हणाला. "तलाव काय पळून जातोय?"

"मागच्या वर्षीही तुम्ही पुढच्या वर्षीच म्हणाला होतात, बाबा," सून म्हणाली.

"तू गप गं. या वयात सर्दी झाली म्हणजे? आणि पाणीच हवं असेल तर नळाला येतंय की घरात!"

"बादलीत पोहावं म्हणता त्यांनी?"

मुलगा सुनेकडे वळला. "तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी घड्या घालतेय," सून म्हणाली.

"ते काही नाही. शाळेला मी हो म्हणून बसलोय. महिनाभर पोहणं बंद. काय आई? चालेल ना?"

सवयीनं हं येणारच होतं. पण टाचणीबाईनं मनगटावरची टाचण्यांची गादी पुढे घेतली, ओठांतली टाचणी काढली आणि तिच्यात खोचली. मग दुसरी. मग उरलेल्या सगळ्या. तोंड रिकामं करून ती आपल्याकडे बघतेय हे दिसल्यावर मुलगा जरा मागे सरकला. नवऱ्यानं खुर्चीवरचे पाय खाली घेतले.

"गणवेश शिवीन," ती म्हणाली. "मापं द्यायला अकरानंतर या म्हणावं. उद्यापासून दुकान अकराला उघडेल."

"आणि आधीच कुणी आलं तर?"

"तू घे माप. टेप खुंटीला आहे." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही सकाळी माझ्याबरोबर यायचंय."

"मी? मला कुठं पोहता येतं?"

"पोहायला नाही. तिथल्या कपाटांना कुलपं नाहीत. बाहेरच्या बाकावर बसायचं आणि माझे कपडे सांभाळायचे."