वाटीभर पेज

बेलवलीची अक्षदा फिजिओथेरपी शिकत होती. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात लकवा झालेल्या कोंडाजीबाबांना ती रोज हट्टाने चालवायची. तिच्यानंतर स्पीच थेरपी शिकणारा विनीत त्यांना गिळायचा सराव द्यायचा.

"बाबा पेज तोंडातच धरून बसतात गं," तो कुरकुरला.

"ते तुझं तू बघ!" अक्षदा फणकारली.

एकदा विसरलेली बाटली न्यायला ती परत आली, तर बाबा चालून दमून उशीवर कलंडलेले आणि पेज हनुवटीवरून ओघळतेय. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांना नुसतं ताठ बसवलं, पाठीला हात दिला. विनीतने चमचा पुढे केला.

फिजिओथेरपी शिकवणाऱ्या मॅडमनी अक्षदाला विचारलं, "आज किती चालले?"

"एक पाऊलही नाही, मॅडम. पण वाटीभर पेज पोटात गेली."