टिलबर्गच्या अंगणात उडालेली बाटली

लेकीच्या गावच्या, फोरबर्गच्या स्टेशनवर सकाळी आठला मी उभी होते, ती अंगात नारायणपेठी साडी, वरून जावयाचं फुगीर जाकीट आणि पायांत लेकीचे बूट अशा अवतारात. थंडी फार नव्हती, पण वारा असा की पदर सांभाळावा की पिशवी तेच कळेना. तरी मी भलतीच खुशीत होते. कराडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला परदेशात कुणी प्रमुख पाहुणी म्हणून बोलावतं, ही काय रोजची गोष्ट आहे? आपले शास्त्रज्ञ राष्ट्रपती, ज्यांना राष्ट्रपतिभवनातल्या पाहुण्यांपेक्षा शाळेतली पोरं जास्त प्यारी, त्यांचा जन्मदिवस विद्यार्थ्यांचा दिवस म्हणून साजरा करायचं टिलबर्गच्या मराठी मंडळींनी ठरवलं होतं. माझी लेक मंजिरी आणि अकरा वर्षांची नात सई माझ्याबरोबर निघाल्या. जावई घरीच राहिले, त्यांना ऑफिसचं काम होतं.

खरं सांगायचं तर पाहुणी म्हणून मिरवण्यापेक्षा माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. नेदरलँड्सला येऊन मला तीन आठवडे झाले होते, परतायला आठच दिवस उरले होते आणि सई माझ्याशी मराठीत एक अख्खं वाक्य बोलली नव्हती. तिला कळतं सगळं. ‘जेवलीस का?’ विचारलं की ‘येस आजी’ म्हणते, पावावर हाखलस्लाख (चॉकलेटच्या शेवया) पसरते आणि निघून जाते. मंजिरी म्हणायची, सवय होईल. मला मात्र रोज दुकानासमोरून रिकाम्या हाताने परतल्यासारखं वाटायचं.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे मनावर घेतलं. टिलबर्गला मुलांची वक्तृत्व स्पर्धा होती. मी दोन पानी भाषण लिहिलं, ‘अध्यक्ष महाशय, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ पासून सुरू होणारं. सईने ते इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतलं आणि पंधरा दिवस मी तिच्याकडून घोकून घेतलं. मध्ये एकदा ती इंग्रजीत म्हणाली की तिच्या शाळेत स्प्रेकबर्ट (वर्गापुढे तोंडी माहिती सांगणं) वेगळा असतो. विषय आपण निवडायचा, दाखवायच्या वस्तू न्यायच्या आणि शेवटी वर्गाने प्रश्न विचारायचे. तिला प्लॅस्टिकची बाटली न्यायची होती. वक्तृत्वात खेळणी चालत नाहीत, असं मी ठणकावलं. विषय संपला, असं मला वाटलं.

हेगला गाडी बदलून आम्ही टिलबर्गच्या गाडीत बसलो. काय ती गाडी! खिडकीबाहेर कालवे, कालव्यांच्या काठी सपाट हिरवी कुरणं, त्यांत निवांत गाई. रॉटरडॅम आलं आणि गेलंही. पुढे हॉलंड्स डीप नावाच्या रुंद नदीपात्रावरचा पूल लागला. पूर आल्यावर आमच्या कराडच्या प्रीतिसंगमावर दिसतं तेवढं पाणी, पण अगदी शांत. मला इतका उत्साह आला की मी सईला उभं केलं आणि म्हटलं, चल, शेवटची तालीम. ती अवघडून आईकडे बघत होती. मी स्वतःच सुरुवात करून दिली. प्रार्थनेच्या मैदानावर माईकशिवाय पोचणारा माझा आवाज डबाभर घुमला.

पलीकडच्या बाकावरच्या गृहस्थांनी पुस्तक खाली ठेवलं आणि हसतमुखाने खिडकीच्या काचेकडे बोट दाखवलं. काचेवर स्टिल्टे (शांतता) असं लिहिलेलं होतं. हा गप्प बसायचा डबा होता. आयुष्यभर पोरांना ‘शांत बसा’ म्हणत आलेल्या मला परक्या देशात एका सभ्य माणसाने गप्प केलं. मंजिरी रुमालात हसत होती. सई मात्र जाकिटाच्या टोपीत शिरून बसली ती टिलबर्गपर्यंत बाहेर आली नाही.

टिलबर्गच्या स्टेशनवर केतकी घ्यायला आली होती. ही मूळची पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आली आणि आता रविवारी मुलांना मराठी शिकवते. ‘बाई, तुम्ही आलात, आता कार्यक्रमाला वजन आलं,’ असं म्हणून तिने माझी पिशवी घेतली. बर्टहाउसमध्ये (वस्तीचं सभागृह) पोचेपर्यंत पोहे तयार होते आणि शेजारी सफरचंदाचा डच केक. मी दोन्ही खाल्लं, पुन्हा मागून खाल्लं.

कार्यक्रम सुरू झाला. भिंतीवर राष्ट्रपतींची तसबीर, त्यांचे ते रुपेरी केस आणि मिश्कील डोळे. तीन-चार मुलं बोलून गेली, छान बोलली. मग सई उठली. पहिला परिच्छेद तिने खणखणीत म्हटला. माझी छाती फुगली. दुसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी ती थांबली. मी व्यासपीठावरून पुढचं वाक्य पुटपुटले. माझं पुटपुटणं म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी आणखी एक वाक्य पुरवलं. सईचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, झालं, ही आता आठ दिवस माझ्याकडे बघणारसुद्धा नाही.

तिने हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळली.

‘आजी, मी माझ्यासारखं सांगू? तू नको बोलू.’

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

सईने दप्तरातून बाटली काढली. एक बूच काढलं, त्यातून फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई आरपार घातलेली. ही करामत तिच्या बापाची, हे मी लगेच ओळखलं. सगळ्यांनी बाहेर यायचं, असं तिने फर्मान सोडलं. केतकीच्या नवऱ्याने सायकलचा पंप आणून दिला. अंगणात दोन विटांमध्ये बाटली उलटी उभी राहिली, आत थोडं पाणी. सई पंप मारत होती आणि मारता मारता बोलत होती. ‘ते राष्ट्रपती लहान असताना पक्ष्यांकडे बघायचे. मग मोठे झाल्यावर रॉकेट केलं. एकदम नाही झालं. आधी फेल झालं, मग झालं. मीपण घरी केलं तर आधी सगळं पाणी पप्पावर गेलं.’ तिचं मराठी कुठे लंगडत होतं, कुठे इंग्रजीच्या कुबड्या घेत होतं, पण एकदाही थांबलं नाही.

मुलांनी डचमध्ये उलटे आकडे मोजले, आई-बापांनी मराठीत. फट्! बाटली सुटली, पाण्याचा फवारा माझ्या नारायणपेठीवर आला आणि बाटली छपरापेक्षा वर जाऊन शेजारच्या कुंपणापलीकडे पडली. मी टाळ्या वाजवत चक्क उड्या मारत होते, हे मला मंजिरीने नंतर सांगितलं.

थोड्या वेळाने शेजारचे आजोबा बाटली घेऊन आले. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. त्यांनी चौकशी केली, मंजिरीने जन्मदिवसाचं सांगितलं, तर त्यांनी माझ्यासकट प्रत्येकाशी हात मिळवून ‘खेफेलिसिटेर्ट’ (अभिनंदन) म्हटलं. इकडे एकाचा वाढदिवस असला की अख्ख्या गोतावळ्याचं अभिनंदन करतात म्हणे. राष्ट्रपतींच्या वतीने ते मी स्वीकारलं. आजोबा पुढचं उड्डाण बघायला थांबले.

मग प्रश्न सुरू झाले. एका चिमुरडीने विचारलं, पाणी घातलंच नाही तर? सईने खांदे उडवले. ‘मला माहीत नाही. करून बघू.’ आणि त्यांनी करून बघितलं. बाटली जेमतेम गुडघ्याएवढी उडाली, तरी मुलांना त्याचाच जास्त आनंद. मी मात्र एका जागी उभी राहिले. चौतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य वर्गात माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

परतीच्या गाडीत आम्ही बोलायची मुभा असलेला डबा शोधून बसलो. सई या वेळी आईशेजारी न बसता माझ्याशेजारी बसली. बाहेर बघता बघता तिने हळूच विचारलं, ‘आजी, तू रागावली? मी विसरले म्हणून?’

पूर्ण मराठीत, आणि या वेळी सभेत नव्हे, फक्त माझ्याशी. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते कानावर पडलं आणि त्यात भीती होती. मग मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी नापास झाले होते. तेही भौतिकशास्त्रात. वडिलांनी गावात सांगितलं की मुलीची तब्येत बिघडली. तेच पुढे मीही सांगत राहिले, लग्नात, नोकरीत, सगळीकडे.

समोर बसलेल्या मंजिरीने फोन खाली ठेवला होता.

‘आई, बारावीला मला फिजिक्समध्ये कमी पडले, तेव्हा तू म्हणालीस की आपल्या घरात असं कधी झालेलं नाही. दोन महिने मी तुझ्यासमोर यायला घाबरत होते.’

मला आठवत होतं. ती स्वयंपाकघरात न येता बाहेरच्या खोलीत जेवायची. मला वाटायचं, अभ्यास करते आहे.

‘खोटं बोलले मी,’ मी म्हटलं. ‘चुकलं माझं.’

तिने फोन पिशवीत टाकला. रॉटरडॅम गेलं, हेग आलं, आम्ही गाडी बदलली, आणि सई एकसारखी विचारत राहिली. मग तू काय केलं? पुन्हा बसली? रडली? कोण शिकवलं? मी सांगत गेले. घराघरांतून दिवे लागत होते. सांगण्या-ऐकण्याच्या नादात फोरबर्ग कधी मागे पडलं ते तिघींनाही कळलं नाही आणि आम्हाला पुढच्याच स्टेशनवर उतरावं लागलं.

इतक्या लांब येऊन मी कालवे बघितले, पूल बघितला, बाटली आकाशात गेलेली बघितली. आणि विद्यार्थ्यांच्या दिवशी माझी पोर माझ्यापायी किती घाबरली होती, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. उलट दिशेच्या गाडीला वेळ होता, फलाटावर वारा बोचत होता. मंजिरी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझा ओला पदर तिने जाकिटात कोंबला आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

‘आता सगळं सांग,’ ती म्हणाली. ‘मलापण. पहिल्यापासून.’