टेलरबाईंनी शिवलेली बाजू

वाटूरच्या टेलरबाई दुकानात आलेल्या बाईच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. त्यांची नजर थेट खांद्यांवर जायची. कॅन्सरमुळे माझा एक स्तन काढून टाकला, तेव्हापासून मी शाळेत शिकवायला गेले नव्हते. पदर घट्ट धरून त्यांच्याकडे ब्लाउजं ढिली करायला नेली. त्यांनी ती हातातही घेतली नाहीत. "एका बाजूला झुकून राह्यल्या तुम्ही, मॅडम," म्हणाल्या आणि शटर अर्धं खाली ओढलं. मी रडत होते, त्या माप घेत होत्या.

चार दिवसांनी त्यांनी ब्लाउजच्या आत घालायची मलमलची बॉडी दिली. रिकाम्या बाजूला कापूस, तळाशी तान्ह्या बाळाच्या उशीत भरतात तशी मोहरी. "नुसता कापूस वर सरकतो. वजन बराबर पाहिजे." पैशांचं नाव काढलं की त्या मशीन जोरात चालवायच्या, काही ऐकूच येऊ नये म्हणून.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं. "माही बहीण गाठ लपवून बसली. आल्ती माझ्याकडंच, ब्लाउज ढिलं करायला. मी करून दिलं. का, म्हणून विचारलं न्हाई. गेली ती."

पुढे परतूर, मंठ्याहून माझ्यासारख्या बाया येऊ लागल्या. मग गेल्या वर्षी टेलरबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तिघींसाठी कापलेलं कापड मशीनवर तसंच पडून. "तुम्ही शिवा, मॅडम," त्या अडखळत म्हणाल्या. ऑपरेशनपासून माझा हात सुजलेलाच असतो. तरी बसले. टीप वाकडी गेली, मोहरी सांडली. त्या डाव्या हातानं एकेक दाणा वेचू लागल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. "बाया वाट पाहू राह्यल्या वो." ती कापडं तशीच राहिली. महिन्याभरात टेलरबाई गेल्या.

परवा एक तरुण बाई त्यांचं दुकान विचारत शाळेत आली. त्या आता नाहीत, सांगितलं, तशी ती व्हरांड्यातच बसली. "मंग मी सासरी कशी जाऊ?"

मी तिला घरी नेलं. टेलरबाईंनी मला एकूण दोन बॉड्या शिवून दिल्या होत्या. त्यातली एक दिली. तिला ती मोठी होत होती. तिनं सेफ्टीपिना लावून घातली. फाट्यावर बसमध्ये चढताना तिनं वळून विचारलं, "मॅडम, ही धुवायला काढली, तर त्या दिवशी काय घालू?"

माझ्याजवळही आता एकच उरली होती.